दहावीच्या आडवाटा

पनवेल तालुक्यातल्या वीटभट्ट्या दिवाळीनंतर सुरू होतात आणि पावसाच्या तोंडावर बंद होतात. राज्य मंडळाची दहावीची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. कर्नाळ्याच्या आसपासच्या किंवा नेरे-मालडुंग्याकडच्या कातकरी वाडीतलं कुटुंब हंगामासाठी भट्टीवर गेलं, की त्यांच्या घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाची परीक्षा नेमकी कामाच्या ऐन भरात येते. त्याला अभ्यास जमतो की नाही, हा प्रश्न नंतरचा. आधी त्याला त्या दिवशी त्या बाकावर हजर राहता आलं पाहिजे.

याच पनवेलमध्ये आठवीत शाळा सुटलेली आणि आता पोरं मोठी झाल्यावर पुन्हा शिकावंसं वाटणारी बाई आहे. तळोज्याच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलेला, दहावी नसल्यामुळे वरच्या कामाला न घेतला जाणारा तरुण आहे. अक्षरं उलटसुलट दिसणारी, पण तोंडी विचारलं तर सगळं सांगणारी मुलगी आहे. ‘दहावी पास’ हा एकच कागद या सगळ्यांच्या वाटेत उभा आहे. आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना तो लागतो. आखाती देशात कामाला जायचं तर पासपोर्टवर स्थलांतर तपासणीची अट लागू नये म्हणून तो लागतो. अंगणवाडी सेविकेला तर आता बारावी लागते आणि बारावीची पायरी दहावीच. म्हणून हा कागद मिळवण्याचे नेहमीच्या शाळेबाहेरचे मार्ग कोणते, ते किती चालतात आणि कुठे अडतात, हे एकदा नीट पाहायला हवं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. महाराष्ट्रात पर्यायांचा दुष्काळ नाही. उलट एवढे पर्याय आहेत की शाळेतल्या शिक्षकांनाही सगळे ठाऊक नसतात. पण त्यांतले बहुतेक पर्याय शेवटी त्याच तीन तासांच्या लेखी पेपरपाशी येऊन थांबतात. आणि जे तिथे येत नाहीत, त्यांची प्रमाणपत्रं पुढच्या दारात हातात घेऊन उलटसुलट पाहिली जातात.

ही गोष्ट नवी नाही. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली आणि तेव्हापासून ‘मॅट्रिक’ आणि ‘नॉन-मॅट्रिक’ अशी माणसांची विभागणी आपल्या समाजात रूढ झाली. ती विभागणी बायकांच्या शिक्षणाला किती जाचक आहे, हे महर्षी कर्व्यांनी ओळखलं. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं तेव्हा शिक्षणाचं माध्यम मातृभाषा ठेवलं आणि मुंबईच्या मॅट्रिकवर विसंबून न राहता विद्यापीठाची स्वतःची प्रवेशपरीक्षा ठेवली. सरकारी मान्यता नसताना ती पदवी घेणाऱ्या मुलींनी पुढे काय करायचं, हा प्रश्न कर्व्यांना दशकानुदशकं सोसावा लागला. पर्याय काढणाऱ्याला आजही तोच प्रश्न सोसावा लागतो.

आज सर्वांत जास्त वापरली जाणारी वाट म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. ‘बाहेरून दहावी दिली’ असं आपण म्हणतो ते यालाच. शाळेत न जाता खासगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाच्या परीक्षेला बसायचं. किमान पाचवी उत्तीर्ण असावं लागतं, वयाची अट असते, अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची असते. तोंडी परीक्षा, प्रकल्प, अंतर्गत मूल्यमापन त्या शाळेत होतं आणि पेपर नेहमीच्या विद्यार्थ्यांबरोबरच. प्रमाणपत्र त्याच मंडळाचं, त्यामुळे पुढे कुणी हरकत घेत नाही. ही या वाटेची सर्वांत मोठी ताकद आहे.

तिची अडचण मात्र अभ्यासाच्या फार आधी सुरू होते. अर्जाबरोबर शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो नसेल तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र. पनवेलला राहणाऱ्या पण यवतमाळ, कलबुर्गी किंवा आझमगडहून आलेल्या कामगाराच्या मुलानं पाचवीनंतर शाळा सोडलेली असते आणि ती शाळा हजार किलोमीटर लांब असते. कातकरी मुलांच्या बाबतीत तर नावाचं स्पेलिंग आधारवर एक, शाळेच्या हजेरीपटावर दुसरं आणि जातीच्या दाखल्यावर तिसरं, असं सर्रास असतं. मुदत पावसाळ्याच्या आसपास संपते, मग विलंब शुल्काची मुदत, मग अतिविलंब शुल्काची. रायगड जिल्हा मंडळाच्या मुंबई विभागात येतो आणि विभागाचं कार्यालय वाशीला आहे. पनवेलहून लोकलनं जेमतेम पाऊण तास. पण मालडुंग्याहून वाशीला जाऊन दाखल्यातली चूक दुरुस्त करायची म्हणजे एका रोजावर पाणी सोडावं लागतं, आणि बहुतेकदा दुसऱ्याही. सतरा नंबर चांगला आहे, पण तो भरून घ्यायला गावात एक माणूस लागतो. आज तो माणूस बहुधा खासगी क्लासवाला असतो आणि फीपेक्षा कितीतरी जास्त पैसे घेतो.

शाळेत राहून नापास झालेल्यांसाठीच्या सोयी त्या मानानं सुटसुटीत झाल्या आहेत. पूर्वी ऑक्टोबरची वारी करावी लागे आणि वर्ष जायचंच. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैत होऊ लागली, बारावीचीही पाठोपाठ आली. आता निकालच मेमध्ये लागत असल्यानं पुरवणी परीक्षा जूनच्या अखेरीस सुरू होते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत बसता येतं. उत्तीर्ण झालेल्यालाही गुण वाढवण्यासाठी श्रेणीसुधारमध्ये पुन्हा बसता येतं. शिवाय गटानं उत्तीर्ण होण्याची सोय आहे. गणित आणि विज्ञान मिळून ७० गुण असले आणि प्रत्येकात किमान २५ असले तरी चालतं. भाषांसाठीही अशीच बेरीज धरतात. या सगळ्या सोयींमुळे ‘नापास’ या शिक्क्याची धार बरीच बोथट झाली आहे. २०२५ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. पण ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची आहे. भट्टीवर गेलेला मुलगा तिच्यात नाहीच.

लेखी पेपरऐवजी वेगळ्या रीतीनं मुलाचं ज्ञान तपासायचं म्हटलं की आपल्याकडे लगेच ‘खिरापत’ हा शब्द येतो. तो का येतो, हे २०१९ च्या निकालानं दाखवलं. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेनं द्यायचे तोंडी परीक्षेचे २० गुण मंडळानं काढून टाकले होते. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० वर आला. पालक रस्त्यावर आले, आणि २० गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के. (त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, तेही ध्यानात ठेवायला हवं.) निष्कर्ष काढणारे म्हणाले, बघा, शाळा गुण वाटतात. मला त्या आकड्यांतून दुसरंही काही दिसतं. तोंडी परीक्षा वाईट म्हणून गुण फुगले असं नव्हे. ती तपासायला, दुसऱ्या शाळेच्या शिक्षकानं येऊन पडताळायला आपण यंत्रणाच उभी केली नाही. मुलाला बोलतं करून त्याला काय कळलं हे पाहणं ही कुठल्याही पेपरहून अवघड परीक्षा आहे. ती परीक्षकाला शिकवावी लागते.

२०२१ मध्ये तर अख्खी परीक्षाच रद्द झाली आणि मंडळाला एका उन्हाळ्यात पर्याय उभा करावा लागला. नववीच्या वार्षिक निकालाचे ५० गुण, दहावीच्या वर्षातल्या लेखी कामाचे ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ यांचे २०. निकाल ९९.९५ टक्के. मग अकरावीच्या प्रवेशासाठी सरकारनं वेगळी सीईटी जाहीर केली आणि मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्टमध्ये ती रद्द केली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा धडा सीईटीच्या त्या धडपडीत आहे. मागच्या दारात दिलेल्या गुणांवर पुढच्या दाराचा विश्वास नसेल, तर पुढचं दार स्वतःची परीक्षा काढतं आणि मुलाच्या डोक्यावर एकाऐवजी दोन ओझी येतात. दहावीला पर्याय शोधणाऱ्यानं दहावीच्या पलीकडच्या दाराकडेही पाहिलंच पाहिजे.

मुक्त विद्यालयांची कहाणी याचं ठळक उदाहरण आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालय १९८९ मध्ये स्थापन झालं, आजची एनआयओएस ती हीच. पाच विषय निवडायचे, त्यांत गणित सक्तीचं नाही. पाच वर्षांच्या मुदतीत नऊ वेळा परीक्षेची संधी. एका वेळी एक-दोन विषय देऊन सोडवत जायचं, झालेले विषय जमा राहतात. वर्षातून दोनदा सार्वजनिक परीक्षा आणि त्याखेरीज मागणीनुसार परीक्षा, म्हणजे तयारी झाली की तारीख घेऊन बसायचं. भट्टीच्या हंगामाशी जुळणारी अशी व्यवस्था दुसरी नाही. जुलै ते ऑक्टोबर हे कातकरी कुटुंबाचे गावातले महिने, आणि त्या महिन्यांत एकेक विषय सोडवता येतो. महाराष्ट्रानंही २०१७ च्या शासन निर्णयानं राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ उभं केलं. त्यात दहावी-बारावीच्या आधीचे पाचवी आणि आठवीचे टप्पेही आहेत. ज्याची शाळा तिसरीत सुटली त्याला थेट दहावीच्या पुस्तकासमोर बसवणं निर्दयपणाचं आहे, म्हणून हे खालचे टप्पे मला फार मोलाचे वाटतात.

पण मुक्त विद्यालयाच्या मुलाला पुढे काय वाट्याला आलं? २०१८ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेतून या मुलांना सरसकट वगळलं गेलं. दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी ती अट घटनाबाह्य ठरवली, तरी शंका संपायला आणखी काही वर्षं गेली. गावातल्या कॉलेजच्या खिडकीत, कंपनीच्या भरतीत ‘हे ओपनचं आहे का?’ असा प्रश्न अजून येतो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमाचंही असंच झालं. बारावी नसलेल्यांना पदवीचं दार त्यानं उघडलं आणि हजारो गृहिणी, कामगार, पोलीस शिपाई त्यातून पदवीधर झाले. पण पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे. जिथे बारावीचं प्रमाणपत्रच मागतात तिथे त्या विद्यापीठाची पदवी हातात असूनही माणूस अडतो. बाई शिकली, पदवी घेतली, आणि अर्जाच्या एका रकान्यात अडकली, असं होऊ नये.

हातानं काम करणाऱ्या मुलांसाठी सर्वांत न्याय्य वाटणारा पर्याय आयटीआयच्या समकक्षतेचा आहे. आठवीच्या पायावर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला आणि भाषेचे पेपर मंडळाकडून सोडवले, की दहावीची समकक्षता. दहावीनंतरचा दोन वर्षांचा ट्रेड आणि भाषा सोडवल्या की बारावीची. एनआयओएसनंही २०१६ मध्ये केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाशी असाच करार केला. जोडारी, वीजतंत्री, वेल्डिंग शिकताना मुलानं मापं घेतली, आकृत्या वाचल्या, भार आणि प्रवाह मोजला. त्यातलं गणित आणि विज्ञान पुन्हा पुस्तकातून का तपासायचं? तळोजा औद्योगिक वसाहत आणि उरणचं बंदर जवळ असलेल्या पनवेल-उरण पट्ट्यात ही वाट सर्वांत जास्त वापरात असायला हवी. पण आयटीआयच्या मुलांनाच ती बहुतेकदा ठाऊक नसते. ट्रेडचं प्रमाणपत्र हाती आलं की ते नोकरीला लागतात आणि भाषेचे दोन पेपर राहून जातात.

नापास या शब्दाऐवजी गुणपत्रिकेवर ‘कौशल्य विकासासाठी पात्र’ असा शेरा देण्याची कल्पना पुढे आली ती याच विचारानं. हेतू चांगला होता. पण शेरा दिला आणि कौशल्याचा वर्ग जवळपास नसला तर त्या शब्दाला अर्थ उरत नाही.

शिकण्यातल्या अक्षमतेबाबत मात्र महाराष्ट्रानं देशाला रस्ता दाखवला आहे आणि तो अभिमानानं सांगावा असा आहे. १९९६ मध्ये डिस्लेक्सियासारख्या अडचणी असलेल्या मुलांना राज्य मंडळाच्या परीक्षेत सवलती देणारं हे पहिलं राज्य. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आणि पालकांनी लावून धरल्यामुळे ते घडलं. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित आणि जोडीला कामाचा विषय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं विशिष्ट अध्ययन अक्षमता हे दिव्यांगत्व म्हणून मान्य केलं. २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ४० टक्क्यांचा दाखला नसला तरी लिहायला अडचण असलेल्याला लेखनिक नाकारता येणार नाही. तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ हे आता केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे.

इतकं सगळं कागदावर असताना पनवेलच्या जिल्हा परिषद शाळेतल्या किती मुलांना ते मिळतं? प्रमाणपत्रासाठी बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एकत्र लागतात. चाचण्या कित्येक बैठकांत होतात. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत लांबलचक रांगा. नव्या पनवेलमधल्या इंग्रजी शाळेतल्या मुलाची आई रजा काढून शीवला चकरा मारते आणि दाखला आणते. वाडीतल्या मुलाला ‘मठ्ठ’ म्हणून सातवीतच सोडून देतात. सवलतींचा फायदा शहरातल्या सुखवस्तू घरांतली मुलं उचलतात, अशी कुरकुर शिक्षकांच्या खोलीत ऐकू येते. ती कुरकुर मुलांवर काढू नये. दाखला देण्याची सोय तालुक्याला आणावी.

सरासरी मुलाचं काय? गणिताला घाबरणाऱ्या मुलांसाठी राज्यात काही वर्षं ‘सामान्य गणित’ हा पर्याय होता. नवा अभ्यासक्रम आला आणि तो बंद झाला. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गणित ऐच्छिक करता येईल का, असं मंडळाला विचारलं होतं. इकडे सीबीएसईनं २०२० पासून दहावीला ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ अशी दोन गणितं ठेवली. आपण मात्र राज्याच्या २०२४ च्या अभ्यासक्रम आराखड्यात वेगळाच उपाय सुचवला. गणित-विज्ञानात २० ते ३५ गुण मिळालेल्यालाही अकरावीला जाऊ द्यायचं, पण हे विषय पुढे घेता येणार नाहीत असा शेरा मारायचा. मला हा उपाय पटत नाही. ३५ ऐवजी २० म्हणजे त्याच पेपरात कमी येणं मान्य करणं. मुलाला आवश्यक असलेलं गणित, म्हणजे व्याज, टक्केवारी, मोजमाप, बिल, नकाशा, त्याला चांगलं आलं की नाही हे कुणी पाहतच नाही. त्यापेक्षा सामान्य गणित परत आणावं आणि त्यात भरपूर अपेक्षा ठेवाव्यात.

बाहेरच्या जगात हा वाद तितकाच तापलेला आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, शाळा अर्धवट सोडून सैन्यात गेलेल्यांसाठी जीईडी नावाची समकक्ष परीक्षा निघाली आणि ती आजही चालते. कॅलिफोर्नियानं शालान्त परीक्षेची सक्ती काढून टाकली. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये मतपेटीतून ती हटवली. पण मला सर्वांत शिकण्याजोगी वाटते ती न्यूयॉर्कमधल्या काही सरकारी शाळांची पद्धत. तिथली मुलं राज्याच्या बहुतेक लेखी परीक्षांऐवजी एक विश्लेषक निबंध, एक शोधनिबंध, एक प्रयोग आणि गणिताचा एक प्रकल्प तयार करतात आणि बाहेरच्या परीक्षकांसमोर उभं राहून त्याचा बचाव करतात. तिथे शाळा एकमेकींचं काम तपासतात, म्हणून गुणांवर विश्वास बसतो. आपल्या २० गुणांत नेमकी हीच गोष्ट नव्हती.

पनवेलपुरतं काय करता येईल, हे फार अवघड नाही. पंचायत समितीच्या गटशिक्षण कार्यालयात जून ते सप्टेंबर एक टेबल असावं, जिथे सतरा नंबर, मुक्त विद्यालय आणि आयटीआयची समकक्षता या तिन्ही वाटांचे अर्ज एकाच माणसाकडे भरून मिळतील. पेणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयानं नावांच्या दुरुस्त्या आश्रमशाळेतच, नववीत असतानाच करून घ्याव्यात. आयटीआयनं शेवटच्या सत्रात भाषेच्या पेपरचा अर्ज प्रत्येक मुलाकडून भरून घेतल्याशिवाय प्रमाणपत्र वाटप करू नये. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून ठरलेल्या दिवशी अध्ययन अक्षमतेची तपासणी व्हावी. आणि राज्याच्या मुक्त मंडळानं रायगडमधल्या वाड्यांसाठी मागणीनुसार परीक्षेचं एक केंद्र पनवेलमध्ये, पावसाळ्याच्या महिन्यांत चालवून पाहावं. त्यासाठी कायदा बदलावा लागणार नाही.

नेऱ्याच्या शांतिवनात आणि ताऱ्याच्या युसूफ मेहेरअली केंद्रात संस्थांनी दशकानुदशकं याच तालुक्यातल्या मुलांसाठी काम केलं आहे. त्यांच्याकडे माणसं ओळखीची आहेत आणि वाड्यांचा विश्वास आहे. मंडळाकडे परीक्षा आहे. या दोघांना एका टेबलाभोवती बसवायचं काम तालुक्याच्या शिक्षण विभागाचं आहे, आणि ते येत्या भट्टीच्या हंगामाआधी व्हायला हवं.